बँडचं बारसं

गारखेडा, औरंगाबाद
बुधवार, ९ मार्च १९९४

तीर्थस्वरूप आत्याबाईच्या पायाशी भाचा सोनाजीचा दंडवत. इकडे मी धडधाकट आहे. तिकडे तू, तुझा गुडघा, तुझा लेक मोतीराम, त्याची बायको आणि ती मारकी शेळी असे सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. गुडघ्याचं वेगळं विचारलं, कारण गेल्या पत्रात नुसतं ‘तब्येत कशी आहे’ लिहिलं तर तू म्हणालीस म्हणे, की पोरानं गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही. वडीलधाऱ्यांना पत्रात ‘तुम्ही’ लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. मी तसं लिहून बघितलं, पण दोन ओळींतच वाटायला लागलं की आपण तहसीलदाराला अर्ज करतोय. म्हणून ‘तू’च लिहितो, राग मानू नकोस.

हे पत्र तुला मोतीराम वाचून दाखवणार हे उघड आहे. तेव्हा यापुढं कंसात जे येईल ते त्यानं मनात वाचावं. (मोतीराम, मनात म्हणजे ओठ न हलवता. तुझे ओठ हलले की आत्या ‘काय रं, काय लिवलंय?’ म्हणून मागं लागणार, आणि तू सायकलची दुकानदारी सोडून दिवसभर तिला कंस समजावून सांगत बसणार.)

शेवटची बातमी आधी देतो, म्हणजे जीव टांगणीला नको. आमच्या नव्या बँडचा पहिला कार्यक्रम परवाच्या शुक्रवारी झाला. कुणाला शॉक बसला नाही, कुणाची नोकरी गेली नाही, आणि आमचा ढोलकीवाला पुंडलिक आम्हाला सोडून गेला नाही. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागतंय. कालच्या भाजीत मीठ नव्हतं हे मला जेवण झाल्यावर खोलीवाल्यानं सांगितलं. आता पहिल्यापासून सांगतो.

तुला आठवत असेल, पुण्याला डिप्लोमा करताना मी चार पोरांच्या एका बँडात होतो. बँड म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढं वरातीतले लाल डगलेवाले उभे राहिले, आणि तू माझ्या अण्णांना म्हणालीस की पोरगं शिकायला धाडलं अन् ते पिपाणी फुंकतंय. तसलं नव्हतं ते. मी गिटार वाजवायचो, तीही विजेवरची, म्हणजे लाइट गेली की कलाकार मोकळा. सिनेमातली गाणी आम्ही वाजवत नव्हतो. दुसऱ्या कुणाचीच वाजवत नव्हतो. आपलं आपण लिहायचं, आपली आपण चाल लावायची आणि पुष्कळदा आपलं आपणच ऐकायचं, असा त्या प्रकारातला रिवाज होता. गाणी इंग्रजीत. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. गाणाऱ्याचं माझ्याहून कच्चं होतं, म्हणून तो डोळे मिटून ओरडायचा आणि लोकांना वाटायचं की याचं दुःख फार खोल आहे. लोक म्हणजे तरी कोण? पुढच्या बँडमधली पोरं, आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळत बसलेली. आमचं संपलं की ती वर यायची आणि आम्ही खाली बसायचो. असं आम्ही सगळ्यांनी मिळून एकमेकांना मोठं केलं.

तो बँड कशानं मोडला, तर नावानं. दोघांना एक नाव पाहिजे होतं, दोघांना दुसरं. एक अख्खा पावसाळा भांडलो. त्या पावसाळ्यात एकही नवं गाणं झालं नाही. शेवटी दोघं आपलं नाव घेऊन गेले, दोघं आपलं, आणि दोन्ही नावांचे दोन्ही बँड दिवाळीच्या आत बंद पडले. मी गिटार घेऊन औरंगाबादला आलो, वाळूजला नोकरी लागली आणि गिटार खाटेखाली गेली. तू गारखेड्याला आलीस तेव्हा तिच्या पेटीवर शेवया वाळत घातल्या होत्यास. मला वाईट वाटलं नाही. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांत कुणाच्या तरी पोटात काही गेलं.

तर आमच्या कंपनीत स्कूटरचे सुटे भाग होतात. (मोतीराम, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तू ते बिडकीनच्या बाजारात सांगशील, मग तिथली दहा पोरं माझ्या दारात चिकटवून घ्या म्हणून उभी राहतील.) तिथं पत्रा ठोकायच्या खात्यात, म्हणजे प्रेस शॉपला, पुंडलिक आहे. ढोलकी वाजवतो, भीमगीतं गातो, स्वतः लिहितो. त्याचा आवाज असा, की प्रेसच्या धडाक्यातही पलीकडच्या खात्यात पोचतो. तिथंच पेंट शॉपला खलील आहे. त्याच्याकडे बँजो, म्हणजे बटणं दाबून तारा छेडायचा तो कव्वालीवाला. आम्हा तिघांची पाळी एक आणि कंपनीची बसही एक. तालीम कुठं करायची हा प्रश्न होता. माझ्या खोलीवाल्याला रेडिओसुद्धा चालत नाही. पुंडलिकच्या घरी एकच खोली, त्यात चार माणसं आणि एक शिवणयंत्र. खलीलच्या गल्लीत वाजवायला बसलं की गल्ली फर्माइशी सांगायला लागते. मग आम्ही बसमध्येच सुरू केलं. मागचं लांब बाकडं आमचं. विजेवाचून गिटार डासासारखी गुणगुणते, तेवढ्यावर भागवायचं. छावणीच्या पुलापाशी गाडी अडकली की दुसरं कडवं, नगर रोडला लागली की तिसरं. सर्जेराव ड्रायव्हर खड्डा आला की ब्रेक मारतो आणि ढोलकीचा ठेका चुकतो, म्हणून पुंडलिकनं ते खड्डेच चालीत बसवून घेतले. पुढं रस्ता दुरुस्त झाला तर आमचं एक गाणं कायमचं बिघडेल.

गाणी मात्र या वेळी मराठीत. आमचीच, पण लोकांना कळतील अशी. दुसऱ्या पाळीवर पुंडलिकनं एक केलंय, त्याचं धृपद एवढंच:

भोंगा झाला, डबा उचल,
पोरगं निजलंय, हळूच चल.

साधं आहे, पण पहिल्यांदा बसमध्ये म्हटलं तेव्हा पुढच्या बाकड्यावरचा एक दांडगा वेल्डर खिडकीकडे तोंड करून बसला आणि उतरेपर्यंत वळला नाही. पुण्यात माझ्या गाण्यानं कुणी खिडकीकडे तोंड केलं, तर ते वेगळ्या कारणानं.

मग जानेवारीत विद्यापीठाला, जुनं नाव तसंच ठेवून, त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव लागलं. ते गावाकडेही कळलंच असेल. इथं तर पोलिसांच्या गाड्या, बंद दुकानं आणि त्याच वेळी गल्लीगल्लीत निळे झेंडे आणि ढोल, असं सगळं एकदम होतं. कामावर बस सुरू झाली त्या सकाळी पुंडलिक पेढ्यांचा पुडा घेऊन चढला. त्याला त्याच्या आत्यानं वाढवलं, कडूबाई तिचं नाव. नामांतराचा एकही मोर्चा तिनं चुकवला नाही, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात बसून आली. पुंडलिक म्हणाला, ‘मागितलं नामांतर, दिला नामविस्तार. ऱ्हाऊ द्या, पर नाव लागलं!’ आणि तो रडायलाच लागला. बसमध्ये काहींनी पेढा तोंडात टाकला, काहींनी घेऊन रुमालात बांधला, आणि काहींना नेमकी त्याच सकाळी दातदुखी सुरू झाली. मी दोन घेतले. मला खरंच आनंद झाला होता. पण पुढं कितीतरी दिवस बसमध्ये माणसं मोजून मापून बोलायची, आणि आम्ही तालीम गुपचूप, ओठांतल्या ओठांत करायचो.

अशात कंपनीचे सेफ्टीचे साहेब आमच्याकडे आले. मार्चमध्ये कारखान्यांत सुरक्षा सप्ताह असतो. म्हणजे सात दिवस अपघात करायचा नाही. एरवीही करायचा नसतोच, पण या सात दिवसांत फोटो काढतात. साहेब म्हणाले, कामगारांची घरची माणसंही बोलावणार आहोत, तुम्ही गाणी म्हणा, त्यात एक हेल्मेटवर असू द्या, आणि बॅनरवर टाकायला तुमच्या बँडचं नाव सांगा.

नाव म्हटल्याबरोबर मला पुण्याचा तो पावसाळा आठवला.

मी सुचवलं ‘रेड ऑक्साइड’. तो लोखंडाला लावायचा तांबडा रंग, गंज धरू देत नाही. खलील म्हणाला, ‘कायकू रे, लोगां पुताई वाले, रंगारी समझेंगे.’ त्याला ‘गुलिस्ताँ पार्टी’ पाहिजे होतं. पुंडलिक ढोलकीची दोरी ताणत म्हणाला, ‘नामांतर’. बँडचं नाव ‘नामांतर’. आत्या, मला ते आवडलं होतं. पण मला बस दिसायला लागली, ते दातदुखीवाले दिसायला लागले, साहेब घाम पुसताना दिसायला लागले, कार्यक्रम रद्द झाल्याचा कागद दिसायला लागला, आणि माझ्या तोंडून गेलं की ज्याला कुणाचीच हरकत नसेल असं काहीतरी ठेवू या. पुंडलिकनं ढोलकी पिशवीत घातली. म्हणाला, ‘कुणाचीच हरकत नाय असं नाव म्हंजी नाव नसल्यावानीच हाय सोनाजी. तसंच ऱ्हायचं असतं तर सोळा वरीस कामून भांडलो आमी?’

दुसऱ्या दिवशी तो मागं आलाच नाही. सर्जेरावच्या पाठीमागच्या बाकड्यावर बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. खलील चालत्या बसमध्ये दांड्यांना लोंबकळत पुढं मागं निरोप न्यायचा. त्याचे रोजे सुरू होते, तहानेनं जीव कासावीस, आणि आम्ही त्याला पळवत होतो. शेवटी तो मधल्याच बाकड्यावर बसला आणि ओरडला, ‘हौले हो क्या तुम दोनों! मैं डाकिया हूं क्या?’ हौले म्हणजे खुळे. पुढची माणसं हसली. आम्ही दोघं नाही हसलो.

आत्या, तुझ्यापाशी काय लपवायचं, मी फार घाबरलो होतो. तिशी जवळ आली. लग्नाचं तू दरवर्षी काढतेस आणि मी दरवर्षी पावसावर ढकलतो. (मोतीराम, इथं आत्या काहीतरी म्हणेल. तिला म्हणू दे, मग पुढं वाच.) या शहरात मला घर म्हणावं असं काही असेल तर ते त्या बसचं मागचं बाकडं. तेही पुण्यासारखं नावापायी मोडलं असतं, तर मी गिटार पुन्हा बाहेर काढली नसती. शेवयांना कायमची दिली असती. कंपनीच्या कँटीनमध्ये वरण-भात समोर यायचा आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो. पेंटरनं बॅनर रंगवायला घेतलं, नाव विचारलं, मी म्हटलं, जागा सोडून ठेव.

शुक्रवार उजाडला. मालाचे ट्रक लागतात त्या सिमेंटच्या फलाटावर आमची व्यवस्था. साहेबांनी सकाळीच अटी सांगितल्या. सप्ताह सुरक्षेचा आहे, तेव्हा कलाकारांनी हेल्मेट, चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय फलाटावर पाय ठेवायचा नाही. चामड्याचे वेल्डिंगचे हातमोजे घालून तू कधी तांदूळ निवडून बघ, म्हणजे गिटार कशी वाजत असेल ते कळेल. वाद वाढला, तेव्हा उजव्या हाताचा मोजा काढायला परवानगी मिळाली. डाव्याचा नाही, कारण फोटोवाला डावीकडे उभा राहणार होता. मग इलेक्ट्रिशियन आला. विजेचं वाद्य म्हटल्यावर त्यानं माझ्या गिटारला हिरवी जाड वायर जोडली, ती फलाटाखाली नेली, तिथं खड्डा खणून त्यात मीठ, कोळसा आणि लोखंडी सळई घातली, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि म्हणाला, आता वीज पडली तरी भिऊ नका. मी तेवढ्या वायरीच्या टप्प्यात उभा. पुढं जायचं म्हटलं की मागं ओढायची. एवढंही कमी होतं म्हणून की काय, साहेबांनी स्पीकरचा आवाज यंत्रानं मोजला, तो मर्यादेबाहेर निघाला, आणि नियमाप्रमाणे समोर बसलेल्या सगळ्या माणसांना कानात घालायचे नारंगी बोळे वाटण्यात आले. पुण्यात लोक आमचं ऐकायचे नाहीत हे खरं, पण तिथं कंपनीनं त्याची सोय केलेली नव्हती.

हे सगळं झालं तरी पुंडलिकचा पत्ता नव्हता. खलील बँजो मांडीवर घेऊन दरवाज्याकडे बघत होता. मी तर बघतही नव्हतो. तेवढ्यात एक काटकुळी म्हातारी बाई निळ्या लुगड्यात, ढोलकी स्वतःच्या खांद्याला अडकवून, ट्रकांच्या मधून तरातरा आली, आणि तिच्या मागं मान खाली घालून पुंडलिक. ती कडूबाई. तिनं ढोलकी फलाटावर ठेवली आणि आम्हा तिघांना सगळ्यांदेखत विचारलं, ‘लेकरू आधी का बारसं आधी?’ खलील बँजोची बटणं पुसायला लागला. ‘बोला की रं. नाव नाय ठरलं म्हनून कुनी बाळंतीण अडून ऱ्हाती का? आधी जन्मू द्या त्याला!’

पुंडलिकनं माझ्याकडे बघितलं. मी एका हातात मोजा, डोक्यावर हेल्मेट, गिटारला वायर असा उभा होतो, खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा. त्याला हसू आवरलं नाही. तो वर आला आणि निमूटपणे हेल्मेट घालायला लागला. माझ्या छातीवरचा दगड तिथंच उतरला. पुढं काय व्हायचं ते होऊ दे, असं झालं मला.

मग साहेबांनी माइक घेतला. ते बॅनर बघून वाचणार होते. वरची ओळ होती, ‘सुरक्षा सप्ताहानिमित्त सादर करीत आहेत’. मग मी सोडायला सांगितलेली जागा. आणि खाली कंपनीनं दरवर्षीप्रमाणे लिहिलेलं, ‘अपघात टाळा!’ साहेबांनी एका दमात वाचलं. तर सादर करीत आहेत, अपघात टाळा! आणि टाळ्या वाजवल्या. समोरचे सगळे साहेबांचे हात बघून वाजवायला लागले, कारण कानांत बोळे.

पहिलं गाणं हेल्मेटचं. ते कुणी ऐकलं नाही हे आमचं नशीब. दुसरं भोंग्याचं घेतलं. पुंडलिकनं तोंड उघडलं, आणि आत्या, मी गिटार वाजवत होतो म्हणून, नाहीतर मीही खाली जाऊन बसलो असतो. पहिल्या रांगेत प्रेस शॉपची माणसं होती. त्यांतल्या एकानं एका कानातला बोळा काढला. शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. त्यानं काढला. मग मागच्या रांगेत, मग बायकांत. साहेब हातवारे करून बोळे घाला म्हणत होते आणि लोक त्यांना हात हलवून दाखवत होते. धृपद तिसऱ्यांदा आलं तेव्हा माणसं आपापली हेल्मेटं मांडीवर घेऊन वाजवत होती. हेल्मेट फार चांगलं वाजतं, कुणी आजवर सांगितलं कसं नाही? वाजवणाऱ्यांत जानेवारीतल्या दातदुखीवाल्यांपैकी एक मी स्वतः बघितला. बाकीच्यांचं माहीत नाही, आणि त्याच्याही मनाचं मी सांगत नाही. पण ठेका बरोबर होता.

संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर खलीलनं फलाटाच्या मागंच खजुरावर रोजा सोडला आणि आम्हा दोघांच्या हातावर एकेक खजूर ठेवला. सोमवारी पुंडलिक बसमध्ये चढला तो सरळ मागं आला. सर्जेरावनं आरशात बघून हॉर्न वाजवला. कंपनीत आता आम्हाला सगळे ‘अपघात टाळा’ म्हणतात. ‘काय रे अपघात टाळा, पुढचा कार्यक्रम कधी?’ पुंडलिकला पहिल्यांदा गंमत वाटली, पण कडूबाई ऐकून घेईना. म्हणाली, चुकून पडलेलं नाव आम्हाला नको. नाव काय असतं ते आम्हाला विचारा. ठेवायचं तर रीतीनं ठेवू. जन्मल्यापासून बाराव्या दिवशी, आणि आत्यानं. ती पुंडलिकची आत्या, म्हणजे हक्क तिचा. खलीलची फुफ्फी मालेगावला दिली आहे, तिचं येणं अवघड, म्हणून तिनं कडूबाईला होकार कळवला. कडूबाई काय ठेवणार ते तिनं कुणालाच सांगितलेलं नाही. ‘नामांतर’ ठेवलं तरी माझी ना नाही, आणि हे मी पुंडलिकला बाकड्यावर मोठ्यानं सांगितलं, पुढच्यांनी ऐकावं म्हणून. आत्यानं एकदा कानात सांगितलं की ते नाव, मग कुणाच्या बापाची हरकत चालते?

तर आत्या, असं सगळं ठीक झालं आहे. काळजी करू नये. शेवया संपल्या आहेत, पण घाई नाही. मोतीरामच्या बायकोला आणि लेकरांना माझी आठवण सांगावी, शेळीला लांबूनच.

तुझ्या मायेतला,
सोनाजी

ता. क. सगळं ठीक झालं असं वर लिहिलं, ते जरा उतावीळपणानं लिहिलं. बारसं मंगळवारी आहे, चंद्र दिसला तर ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून शीरखुर्मा खलीलकडून आणि घुगऱ्या पुंडलिककडून. पाळणा मिळाला आहे, त्यात ढोलकी ठेवायची. आधी बुद्धवंदना, मग नाव. पण कडूबाईनं नाव ठेवायला एक अट घातली आहे. आत्यानं कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायका कुर्रर्र करून तिच्या पाठीत धपाटे घालतात ना? ती म्हणते, कुणाचाही धपाटा मी घेणार नाही. एकाच बाईचा घेईन. ती आली नाही तर नाव तसंच माझ्याबरोबर जाईल.

ता. क. आणखी. कडूबाईनं त्या शुक्रवारी मला विचारलं, तू कुणाचा, तुझी आत्या कोणती. मी तुझं आणि गावाचं नाव सांगितलं. ती खाली फलाटाच्या पायरीवर बसली. मला ठाऊक नव्हतं, की ती तुझ्याच गावची. तुम्ही दोघी एका वळीनं खुरपायला बसायचा आणि ती तुला ‘दगडे’ म्हणायची, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सोळा वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत वस्ती पेटवली त्या दिवशी ती पुंडलिकला घेऊन तुझ्या दाराशी आली होती आणि दार उघडलं नाही, हेही तू कधी सांगितलं नाहीस. ती अशी का बसली हे मी तिला विचारायलाही भीत होतो. तिनंच सांगितलं. (मोतीराम, दाराला कडी तुझ्या वडिलांनी घातली होती. ते आता नाहीत. कडूबाई म्हणते, भेदरलं व्हतं गं बाई ते मानूस. तेव्हा तू वाचताना अडखळू नकोस, आणि यातलं काही गाळू नकोस.)

तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो. ‘तिला म्हनावं, दगडे, कडी भायेरून व्हती, म्या बघितली. तू आतून दार बडवीत व्हतीस, ते बी ऐकलं. तुझ्यावर राग कशाचा धरू? पर एका हातात पुंडलिक, एका हातात गठुडं, मागं मान्सं. कडी काढाया तिसरा हात कुठून आनू? तुला तशीच कोंडून आले गं मी. सोळा वरीस झालं, दार बघितलं की मला तेच आठवतं.’

आत्या, मंगळवारी बिडकीनहून सकाळच्या एसटीनं ये. मी स्टँडवर येईनच. कडूबाईला म्हटलं, तू घरीच थांब, मी घेऊन येतो, तर ऐकत नाही. ती माझ्या आधी येऊन बसणार आहे.